डवऱ्यात बसलेली बायजा

बायजा हिलमला राग आला की ती ओरडत नाही, हे आधीच सांगून ठेवतो. ओरडणारी माणसं परवडली. घटकाभर तोंड वाजवतात, चहा पितात, मोकळी होतात. बायजा गप्प होते आणि हाताला लागेल ते काम धरते. ती लाकडं फोडत बसली असेल आणि घाव जरा जास्तच खणखणीत पडत असतील, तर वाडीतली माणसं मुकाट आपापल्या घरात जातात. आज कुणाची तरी धडगत नाही, एवढं त्यांना कळतं.

गेल्या सव्वीस नोव्हेंबरला तिचा राग वाडीबाहेरच्यांनी पाहिला आणि पेणपासून रोह्यापर्यंत तिचं नाव झालं. कुणी म्हणालं, कातकरीण माजली. कुणी म्हणालं, म्हातारीचं डोकं फिरलं. कुणी म्हणालं, अगो, मेलेल्या माणसांचा तरी मान ठेवायचा! बोलणाऱ्यांचं काय जातं? त्यांच्यातला एकही त्या दिवशी तिथं नव्हता. म्हणून पहिल्यापासून सांगतो. ऐका, आणि मग काय बोलायचं ते बोला.

कासू स्टेशनवर उतरून डोंगराच्या अंगाला तासभर चाललं की करंजवाडी लागते. बावीस घरं, सगळी कातकऱ्यांची. बायजा इथं लग्न होऊन आली ती रोह्याकडच्या, कुंडलिकेच्या काठावरच्या एका वाडीतून. तेव्हा पोरसवदा होती. आता पन्नाशी कधी उलटली ते तिलाही सांगता यायचं नाही. नवरा गेला. मुलगा दिनेश, सून आणि नऊ वर्षांची नात पिंकी, एवढं तिचं घर. पावसाळ्यात लोकांच्या शेतात लावणी करायची, रात पडायच्या आत मुठे, म्हणजे शेतातले खेकडे, पकडायचे आणि सकाळी पेणच्या बाजारात विकायचे. उन्हाळ्यात करवंदं, मध्ये कधी लाकडाची मोळी, कधी रानभाजी. दिवाळी झाली की बिऱ्हाड उचलून वीटभट्टी. चारचौघींचं असतं तसंच हे. पण एक काम असं होतं, की ते वाडीत फक्त बायजालाच यायचं. डवरा धरणं.

डवरा म्हणजे ओढ्याच्या पात्रात खणलेला प्यायच्या पाण्याचा खड्डा. दिवाळीनंतर ओढ्याची धार करंगळीएवढी होते. मग भट्टीवर निघायच्या आधी एके दिवशी बायजा अनवाणी पात्रात उतरते आणि तळव्यानं वाळू चाचपत सावकाश चालत राहते. बाकीच्या बाया काठावर उभ्या राहून बघतात, कुणी बोलत नाही. जिथं तळव्याला एकदम गार लागतं तिथं ती थांबते आणि म्हणते, "हितं." खाली झरा असतोच. सासूनं, धोंडुबाईनं, तिला हे शिकवलं होतं. कुदळ मांडीभर खोलीपर्यंतच चालवायची. शेवटची वीतभर वाळू हातानं काढायची, कारण लोखंड लागलं तर झरा रुसतो, असं धोंडुबाई म्हणायची. खरंखोटं देव जाणे. मग कडेनं गोटे रचायचे, पाणी निवळू द्यायचं, पहिली कळशी ओढ्याला परत द्यायची. त्यानंतर घराघरानं नंबर लावून करवंटीनं भरायचं. चप्पल घालून कुणी जवळ यायचं नाही, वरच्या अंगाला कुणी भांडं घासायचं नाही. त्या एका खड्ड्यावर बावीस घरं जूनपर्यंत तगतात. वाडीला नळ नाही असं नाही हो. टाकी बांधलीय, पाइप टाकलाय, टाकीवर रंगानं तारीखसुद्धा लिहिलीय. पाणी तेवढं यायचं राहिलंय.

आता हैबतराव. खालच्या गावचे. भाताची आणि वालाची शेती, दारात ट्रॅक्टर, बोलणं गोड, चार लोकांत शब्दाला वजन. त्यांचा एकुलता एक मुलगा नितेश मुंबईत कुरिअरच्या ऑफिसात कामाला होता. दोन हजार आठच्या सव्वीस नोव्हेंबरला तो गावी यायला निघाला. दुसऱ्या दिवशी मुलगी बघायला जायचं ठरलं होतं. मोठ्या स्टेशनात गाडीची वाट बघत बसला होता. पुढचं साऱ्या देशाला ठाऊक आहे. त्याला तेविसावं लागलं होतं.

हैबतराव सहा महिने घराबाहेर पडले नाहीत. पडले ते एक व्रत घेऊनच. दर सव्वीस नोव्हेंबरला पोराच्या आणि त्या दिवशी गेलेल्या सगळ्यांच्या नावानं कुणाचं तरी भलं करायचं. पहिल्या वर्षी शाळेत वह्या वाटल्या. मग पेणला रक्तदान. मग करंजवाडीत चादरी. आणि खोटं कशाला बोला, माणूस वाईट नाही. पिंकीच्या वेळी बायजाची सून अडली, तेव्हा ह्याच हैबतरावांनी जीप काढली, वडखळच्या गर्दीतून हॉर्न वाजवत तिला दवाखान्यात नेलं आणि पोर जन्माला येईस्तोवर बाहेर बाकावर बसून राहिले. बायजा हे विसरलेली नाही. विसरता आलं असतं तर रागवणं किती सोपं झालं असतं!

पण पुढं त्या सेवेचा पसारा वाढला. रोह्याकडच्या कुठल्याशा कंपनीतली पोरंपोरी त्यात आली. काळे टीशर्ट, पाठीवर मेणबत्ती छापलेली. वर्षातून एकदा बसमधून उतरायचं, दोन मिनिटं उभं राहायचं, काहीतरी चांगलं करायचं, पुलाव खायचा आणि चारच्या आत परत. एका साली त्यांनी दीडशे झाडं लावली. नोव्हेंबरात! पाऊस संपलेला, पुढं सात महिने टिपूस नाही, आणि हे खड्डे खणून टाळ्या वाजवतायत. बायजाचा म्हातारा दीर मोतीराम, त्यानं विचारलं, "ह्यांना पाणी कोण घालील?" तर म्हणे, लोकसहभागातून घालायचं. अरे लोकांना प्यायला नाही! शिमग्यापर्यंत दीडशेच्या दीडशे काटक्या झाल्या, बायजानं त्या चुलीत घातल्या. पण तेव्हाही ती हसलीच होती. "येऊ दे गो बिचारी," म्हणायची. "त्यांना पन कुठंतरी बरं वाटाया पायजे."

हसू संपलं ते बंधाऱ्यापायी.

दोन वर्षांमागं त्यांच्या डोक्यात बंधारा आला. सिमेंटच्या रिकाम्या गोण्या मातीनं भरायच्या आणि ओढ्यात आडव्या रचायच्या. पाणी अडतं, जमिनीत मुरतं. काम वाईट नाही, सगळीकडं करतात. पण बांधायचा कुठं? तर जिथवर बस येते तिथं. मांडवाला सपाटी आहे, फोटोत मागं डोंगर येतो. ती जागा डवऱ्याच्या खाली, जेमतेम वीस पावलांवर. खाली अडवलं की पाणी मागं चढतं, हे शेंबड्या पोरालाही कळतं. चढलं की! तीन दिवसांत डवरा छातीभर पाण्याखाली गेला.

वाडीत तेव्हा माणसं होती कुठं? धडधाकट सगळी भट्टीवर, बायजासुद्धा. राहिलेले म्हातारे. मोतीराम काठी टेकत गेला आणि म्हणाला, "हितं नको, वर बांधा." एका मुलीनं त्याचा हात हातात घेतला, मोबाइल समोर धरला आणि म्हणाली, "बाबा, आमच्यासाठी दोन शब्द बोला ना." मोतीराम बोलला. तेच बोलला, हितं नको. पुढं त्या व्हिडिओवर त्यांनी गाणं चढवलं. म्हाताऱ्याचा आवाज कुणाला ऐकूच येत नाही, नुसता हात हलताना दिसतो, आशीर्वाद दिल्यासारखा. हजारो लोकांनी तो बघितला म्हणे.

आणि वाडीचा पंच पोपट, त्यानं तर आधीच सही करून दिली होती, वाडीची संमती आहे म्हणून. नंतर जाब विचारला तर मान खाजवत म्हणतो, "दादांच्या मेलेल्या पोराच्या नावाचं काम. मी नाय कुठल्या तोंडानं बोलू?"

बायजा शिमग्याला भट्टीवरून परत आली आणि ओढ्यावर गेली. हिरवंगार साचलेलं पाणी. त्यात गावच्या म्हशी डुंबतायत, काठाला साबणाचा फेस. आणि बंधाऱ्याशी पाटी, नितेशचं नाव, खाली 'स्मृती जलाशय'. वाडीतल्या बाया काठाची ओली माती उकरून, फडक्यातून गाळून पाणी नेत होत्या. बायजा कुणाशी बोलली नाही. तिनंही फडकं आणलं. दुसरं काय करणार?

मे महिन्यात वाडीत कावीळ आली. अकरा माणसं पिवळी पडली, आणि पिंकी सगळ्यांत वाईट. पेणच्या दवाखान्यात बारा दिवस. नवव्या दिवशी तिनं आजीला ओळखलं नाही. डॉक्टर विचारायचे, पाणी कुठलं पिता? बायजा सांगायची, ओढ्याचं. ते म्हणायचे, उकळून प्यायचं हो आजी. बायजा मान डोलवायची. पोरगी वाचली. पण आजही चार पावलं धावली की मटकन खाली बसते, आणि पाणी पुढं केलं की आधी वास घेऊन बघते. नऊ वर्षांची पोर, पाण्याचा वास घेते! सांगताना माझीच तळपायाची आग मस्तकात जाते, तर बायजाचं काय होत असेल?

जूनमध्ये ती हैबतरावांच्या घरी गेली. सांगायचंच असं ठरवून गेली. हैबतराव ओटीवर बसले होते. "ये गो बायजे. पिंकी कशी हाय आता?" म्हणाले. आतून चहा आला. ओटीच्या कोनाड्यातल्या कान तुटलेल्या कपात आला. तो कप कातकऱ्यांसाठी वेगळा ठेवलेला, पिऊन झाला की ज्याचा त्यानं धुऊन परत कोनाड्यात. वर्षानुवर्षं हाच रिवाज, आणि ज्यांना त्याचं वाईट वाटायला हवं त्यांना कधी वाटत नाही. बायजानं चहा घेतला. समोर भिंतीवर नितेशचा फोटो, ताजा हार घातलेला.

"बायजे," हैबतराव म्हणाले, "मी कधी कधी संध्याकाळचा त्या बंधाऱ्यावर जाऊन बसतो. पाणी बघितलं का पोरगं जवळ असल्यासारखं वाटतं. बाकी कशानं नाय वाटत."

घ्या! आता बोला काय बोलायचं ते. बायजानं कप धुतला, कोनाड्यात ठेवला आणि आली तशी परत गेली. पुढं तीन दिवस ती लाकडं फोडत होती. हैबतरावांचा राग होताच, त्याहून दसपट स्वतःचा. बारा दिवस उशाशी बसून मी पोरीच्या कानात सांगत होते, मी बोलेन, मी बोलेन, आणि एका फोटोपुढं दातखीळ बसली!

पावसानं बंधारा वाहून नेला. दिवाळी झाली, दिनेशनं बिऱ्हाड बांधलं. बायजा म्हणाली, "मी यंदा येत नाय. डवरा धरायचाय, राखायचाय." पिंकी आजीजवळ राहिली, आणि काविळीनं खचलेली काही घरंही यंदा मागं थांबली. धार बारीक झाली, तशी ती अनवाणी पात्रात उतरली, जुन्या जागेपासून दोन हातांवर थांबली. "हितं." दोन दिवस खणलं, गोटे रचले. पाणी वर आलं, नितळ, तळाची वाळू मोजून घ्यावी असं. पिंकीनं वास घेतला आणि काही न बोलता प्यायली. बायजाच्या जिवात जीव आला.

पंचवीस तारखेला दुपारी ट्रक आला आणि त्याच जागी मातीनं भरलेल्या साडेतीनशे गोण्या टाकून गेला. पाठोपाठ पोपट.

"बायजे, उद्या कुणाला काय बोलू नको हां. तालुक्याचे मोठे साहेब येनार हायत. यंदा गोन्यांचा, आणि जानेवारीत ह्याच जागी सिमेंटचा पक्का. साहेब उद्या नारळ फोडनार."

"पक्का?"

"मग! दादांनी खटपट करून मंजूर करून आनलाय. कायमचं काम झालं."

कायमचं. म्हणजे डवरा कायमचा गेला. गोण्या निदान पावसात वाहून तरी जात होत्या. बायजानं पोपटकडं असं बघितलं, की तो उरलेलं वाक्य गिळून चालता झाला. त्या संध्याकाळी लाकडं फोडल्याचा आवाज आला नाही. घरातली सगळी लाकडं जूनमध्येच फोडून झाली होती.

सव्वीसला सकाळी नऊला बस आली. पोरंपोरी उतरली, बॅनर लागला, पाण्याच्या बाटल्यांचे खोके उतरले. सगळ्यांची व्यवस्था राणी नावाची मुलगी बघत होती, कंपनीच्या ऑफिसातली, हातात यादी. ती जागा बघायला ओढ्यात उतरली तर समोर म्हातारी. लुगडं खोचून, मांडीभर खोल खड्ड्यात, पाण्यात बसलेली. नुसतं डोकं आणि खांदे वर.

"आजी, इथं काय करताय? गार पाणी आहे, आजारी पडाल."

"पडू दे."

"आम्हाला इथं काम सुरू करायचंय ना."

"करा. माज्यावर रचा गोन्या."

राणीला आधी हसू आलं, मग ते ओसरलं. पोपट धावत आला, आर्जवं केली, मग दम दिला. "बायजे, वाडीची अब्रू घालवतेस!" बायजा ढिम्म हलली नाही. मोतीराम येऊन काठावर बसला. एकेक करून वाडीतल्या बाया आल्या. पिंकी आली. टीशर्टवाली पोरं गोण्या हातात घेऊन उभी. काही जणांनी मोबाइल काढले, राणीनं ते खाली करायला लावले. तेवढी अक्कल तिला होती.

तेवढ्यात हैबतराव आले. पांढरा सदरा, हातात नितेशचा फोटो. खालून त्यांना बायजा दिसली नाही. ठरल्याप्रमाणं दोन मिनिटं शांतता पुकारली गेली. सगळे उभे राहिले. आणि खड्ड्यात बसलेल्या बायजानं पदर डोक्यावर घेतला, डोळे मिटले, हात जोडले. उठली मात्र नाही. दोन मिनिटं तीही त्या पोरासाठी गप्प राहिली. हे बोलणाऱ्यांना कुणी सांगत नाही, म्हणून मी सांगतो.

शांतता संपली आणि हैबतराव वर आले.

"बायजे! हे काय? ऊठ, बाहेर ये. साहेब येतील आता."

"नाय दादा."

"अगो, काय पायजे काय तुला?"

"डवरा पायजे."

"कसला डवरा?"

बायजानं त्यांच्याकडं बघितलं. वर्षभर ती समजत होती, की ह्या माणसानं जाणूनबुजून केलं, किंवा बेपर्वाईनं केलं. माणूस तर विचारतोय, कसला डवरा. त्यांना खरंच ठाऊक नव्हतं. तिचा राग कमी व्हायचा तो ह्यानंच भडकला.

"ह्यो. मी बसलेय त्यो."

"हा खड्डा?"

"आमी पानी पितो ह्यातलं. बावीस घरं. मागल्या साली तुमी ह्यो बुडवलात. त्या घान पान्यानं अकरा मानसं पिवळी झाली. माजी पोर बारा दिवस मरत व्हती. ती बघा, ती उभी हाय."

हैबतरावांचा चेहरा उतरला. "मला कुणी सांगितलं नाय."

"सांगितलं! मोतीरामनं सांगितलं, त्यावर तुमच्या लोकांनी गानं लावलं. पन सांगायला कशाला पायजे? सतरा वरसं येताय तुमी वाडीवर. वह्या दिल्यात, चादरी दिल्यात, झाडं लावलीत. सतरा वरसांत कुनाच्या दारात घोटभर पानी मागितलंत कधी? त्या बसमधून खोके उतरतात. एकदा, एकदा मागितलं असतंत ना दादा, तर कुनी पोरगी कळशी घेऊन तुमच्या डोळ्यांदेखत हितं आली असती, आनि तुमाला कळलं असतं आमचं पानी कुठं हाय ते."

बाटल्यांच्या खोक्यांजवळ उभी असलेली पोरं उगाच बाजूला सरकली.

"बायजे," हैबतराव म्हणाले, "माझ्या पोराच्या नावाचा बंधारा हाय हा."

ह्या एका वाक्यापुढं आजवर सगळ्यांनी माना खाली घातल्या होत्या. पोपटनं घातली होती, तालुक्यानं घातली होती, जूनमध्ये बायजानंही घातली होती. ह्या वेळी ती पाण्यातून उभी राहिली.

"पोराचं नाव नको सांगूस मला! तुज्या पोरानं ह्या डवऱ्याचं पानी पिलंय! शाळा सुटली का ढोरांच्या मागं यायचा, वाळूत पालथा पडून माज्या करवंटीनं प्यायचा. मी बोलायची, नको रे नितेश, बापाला कळलं तर तुला झोडपंल. तर बोलायचा, मावशे, आमच्या हिरीपेक्षा हे गोड हाय. दहा वरसांच्या पोराला ठाऊक व्हतं वाडी कुठलं पानी पिते! तुला ठाऊक नाय! आनि त्याच्याच नावाची पाटी लावून तू बुडवलास ह्यो. मला सांग, ह्ये त्याला आवडलं असतं?"

हैबतरावांनी फोटो छातीशी धरला. मग म्हणाले, "मला कधी बोलला नाय तो."

"बोलला असता तर तू मारलं असतंस."

त्यांनी मान हलवली. होकाराची हलवली. एवढ्या लोकांसमोर. बायजाला दया यायला हवी होती, पण आली नाही. खोटी दया ती आणणार नव्हती.

मग राणी पुढं आली. यादी तिनं खिशात कोंबली होती. "आजी, मग कुठं बांधायचा?"

सतरा वर्षांत हा प्रश्न पहिल्यांदा विचारला गेला. बायजानं हनुवटीनं वरती दाखवलं. "त्या मोठ्या धोंड्याच्या वर. वर पानी थांबलं का वाळूतून पाझरत खाली येतं. झरा जोर धरतो."

"तिथं गाडी जाणार नाही."

"मानूस जातो."

हैबतरावांनी फोटो मोतीरामच्या हातात दिला. चपला काढल्या आणि पहिली गोणी स्वतः खांद्यावर घेतली. सत्तरीचा माणूस, दोनदा घसरला. मग पोरांनी रांग केली, हातोहात गोण्या वर गेल्या, वाडीतल्या बायाही रांगेत उभ्या राहिल्या. साहेब आले तेव्हा त्यांना वर दगडधोंड्यातून चालवत नेलं आणि पक्क्या बंधाऱ्याचा नारळही तिथंच फोडून घेतला. एक वाजता सगळं आटपलं होतं. साडेतीनशे गोण्या, तीन तास. बायजा ओल्या लुगड्यानं काठावर बसून बघत होती, आणि जसजशा गोण्या वर जात होत्या तसतसा तिचा संताप वाढत होता. तीन तासांचं काम होतं हे! एवढ्यासाठी माझी पोर मला ओळखेनाशी झाली होती!

राणीनं तिला फोटोला बोलावलं. ती गेली नाही. पुलाव वाढला, तिनं घेतला नाही. जाता जाता हैबतराव तिच्याजवळ आले. पाय खरचटलेले, सदरा चिखलानं माखलेला.

"बायजे, पाणी देतेस?"

"गढूळ हाय. मी बसले व्हते त्यात. उद्या निवळंल."

"मग उद्या येतो."

"या," बायजा म्हणाली. "सव्वीसला समदीच येतात. सत्तावीसला कोन येतो बघू."

दुसऱ्या दिवशी सकाळी डवऱ्यावर नेहमीसारखा नंबर लागला होता. हैबतराव एकटेच चालत आले. चपला लांब काढून ठेवल्या. पोपटनं लगबगीनं "दादा, पुढं या, पुढं या" केलं. बायजानं मान वर न करता म्हटलं, "नंबर लागलाय. मागं उभं ऱ्हा."

राहिले. सहा कळशा भरल्या, पिंकीची भरली, आणि मग ते वाळूत गुडघे टेकून बसले. बायजानं करवंटी बुडवून त्यांच्यापुढं धरली. त्यांनी दोन्ही हातांनी घेतली आणि सगळी रिकामी केली. तोंड पुसलं.

"खरंच गो," ते म्हणाले. "गोड हाय."

"तुमी बंधारा बांधायच्या आदी पन गोडच व्हतं," बायजा म्हणाली, आणि पुढच्या बाईची कळशी ओढून भरायला लागली.